लांब परांचे मासे

दिवे लागायच्या पंधरा मिनिटं आधी पार्वता नान्हे मासेखोलीत पोचलेल्या असत. चौदा वर्षांत यात खंड पडला नव्हता. झेब्रा मासे उजाडताना अंडी घालतात, आणि या खोलीत उजाडायचं ते सकाळी आठ वाजता, घड्याळाला जोडलेल्या बटणावर. त्या वेळी कुणी दार आपटलं किंवा बादली आदळली तर माद्या बिचकत आणि त्या दिवसाची अंडी बुडत. नागपूरच्या त्या संशोधन संस्थेत मोठमोठ्या पदव्यांची माणसं होती. पण आठच्या सुमाराला मासेखोलीत पाऊल टाकायचं तर पार्वताबाईंना विचारूनच.

त्या मूळच्या अर्जुनी मोरगावकडच्या, ढिवरांच्या घरातल्या. वडील गावच्या तलावात जाळं टाकत, आणि लहानगी पार्वता धानाच्या बांध्यांत वाहून आलेली बोटुकली, बोटाएवढी माशांची पिल्लं, ओंजळीत धरून परत तलावात सोडून येत असे. नवरा गेल्यावर त्या मुलाला घेऊन नागपूरला आल्या आणि संस्थेत साफसफाईच्या कामाला लागल्या. एके दिवशी फरशी पुसता पुसता त्यांनी एका संशोधक बाईंना थांबवलं.

"मॅडम, या पाण्यात दम नाही राहिला. मासे वर तोंड करून राहिले न."

मॅडमनी मीटर पाहिलं. सगळं ठीक होतं. अर्ध्या तासाने मीटरनेही पाण्यातला प्राणवायू घटल्याचं दाखवलं. महिन्याभरात पार्वताबाईंच्या हातातला पोछा गेला आणि जाळी आली. त्या मॅडम म्हणजे डॉ. ऋजुता खानझोडे. पुढे त्यांचं नाव देशभर झालं, ते 'ठसा' चाचणीमुळे.

झेब्रा मासा बोटाच्या दोन पेरांएवढा. अंगावर निळ्या रेघा. आपल्याच देशातल्या ओढ्यांतून आणि भातशेतांतून तो जगभरच्या प्रयोगशाळांत गेला, तो त्याच्या पिल्लांच्या गुणामुळे. अंड्यातून बाहेर आलेलं पिल्लू काचेसारखं पारदर्शक असतं. पाच दिवसांच्या पिल्लाचा मेंदू, लाखभर पेशींचा, जिवंतपणी सूक्ष्मदर्शकाखाली पाहता येतो. कवटी उघडायची गरज नाही. पेशी कामाला लागली की ती चमकावी अशी सोय त्याच्या जनुकांत करून ठेवता येते. मग पिल्लू घाबरलं की नेमका मेंदूचा कोणता कोपरा उजळला ते पडद्यावर दिसतं. आणि भीतीच्या वेळी त्याच्या अंगात जे रसायन सुटतं, कॉर्टिसॉल, तेच माणसाच्या बाळाच्याही अंगात सुटतं.

डॉ. खानझोड्यांचा प्रयोग सांगायला सोपा होता. दोन दिवसांच्या पिल्लांचे दोन गट करायचे. एकाला शांत ठेवायचं. दुसऱ्याच्या बशीतलं पाणी दिवसातून अनेकदा, वेळकाळ न ठरवता, ढवळायचं. मासेखोलीत त्यांची नावं पडली होती 'निवांत' आणि 'ढवळलेले'. पाचव्या दिवशी ढवळणं कायमचं बंद. पण ढवळलेल्यांच्या मेंदूतला धोक्याचा कोपरा नंतरही तापलेलाच राही. जनुकांची अक्षरं तीच असत. त्यांच्या कडेला मात्र रसायनाच्या खुणा बसत, आणि कोणतं जनुक किती वाचलं जाईल ते त्या खुणांवर ठरे. असा मासा मोठा झाल्यावर त्याला नव्या टाकीत सोडलं की तो तळाशी जाई. तळाशी तर सगळेच मासे जातात. साधा मासा दोन-तीन मिनिटांत हिंडायला वर येतो. ढवळलेला मासा येत नसे. वीस वीस मिनिटं तो तळाला चिकटून राही.

याच खुणा माणसाच्या बाळांच्या रक्तात सापडल्या. टाचेतून एक थेंब काढला की शून्य ते शंभर असा आकडा मिळू लागला. आयुष्याच्या अगदी सुरुवातीला या जिवाने किती सोसलं, त्याचा तो ठसा. ज्यांचा आकडा मोठा त्या लेकरांना लवकर मदत मिळावी, एवढाच डॉक्टरांचा हेतू. पण २०४१ साल उजाडेपर्यंत तो आकडा दत्तक देण्याच्या कागदांवर छापला जाऊ लागला होता.

पार्वताबाईंना त्या चाचणीचा केवढा अभिमान! "आमच्या मासोळ्यांतून निघाली ती," असं त्या वस्तीत सांगत. घरात भिंतीवर मॅडमसोबतचा फोटो होता.

त्याच फोटोखाली बसून त्यांच्या मुलाने एका संध्याकाळी कागद पुढे केला.

हेमराज विजेवरच्या बसच्या डेपोत मेकॅनिक होता. त्याची बायको भुमेश्वरी बालवाडीत शिकवायची. लग्नाला नऊ वर्षं झाली होती, मूल नव्हतं. दोन वर्षं वाट पाहिल्यावर शिशुगृहातून बोलावणं आलं होतं आणि दोघं त्या दिवशी जाऊन मुलगी पाहून आले होते. चौदा महिन्यांची मैना. जन्मल्यापासून तीन ठिकाणी हललेली.

"शहाऐंशी," हेमराज म्हणाला. "शंभरातले शहाऐंशी. सत्तरच्या वरची पोरं मोठेपणीही बिचकलेलीच राहतात, हे तूच सांगत असतेस ना सगळ्यांना?"

पार्वताबाईंनी कागद हातात घेतला. तळाशी त्यांच्याच संस्थेची मुद्रा होती.

"मी कडेवर घेतलं तिला," भुमेश्वरी ओट्यापाशी उभी राहून म्हणाली. "रडली नाही, काही नाही. नुसती लाकडासारखी झाली. पण निघताना माझी ओढणी सोडेना. एकेक बोट उघडावं लागलं."

"मी नाही म्हणत नाहीये," हेमराजचा आवाज चढला. तो चिडला की त्याचा आवाज घरभर व्हायचा. "दुसरं मूल पाहू म्हणतोय. आपल्याला जमेल असं. उद्या ती शाळेत जाणार नाही, कुणाशी बोलणार नाही, तेव्हा काय करशील? आई, तू सांग हिला. मोठेपणी ती पोरं कशी होतात ते तुझ्या मॅडमनी लिहिलंय की नाही?"

"लिहिलंय," पार्वताबाई म्हणाल्या.

"मग झालं."

भुमेश्वरी आत गेली. होकार किंवा नकार कळवायला तीस दिवस होते.

दुसऱ्या दिवशी पार्वताबाई माशांना खाणं घालत रांगेतून चालल्या होत्या. झाकण उचलायचं, चिमूट टाकायची, पुढे जायचं. हात आपोआप चालत होते, डोकं घरात होतं. बहात्तर नंबरच्या टाकीचं झाकण त्यांच्या हातून निसटलं आणि काचेवर आपटलं.

टाकीतले सगळे मासे बाणासारखे तळाशी गेले. पार्वताबाई स्वतःवरच चडफडत उभ्या राहिल्या. मग थोड्या वेळाने आखूड परांचे दोन मासे वर आले. त्यांच्यामागे आणखी चार. आणि मग, किंचित मागे राहून, लांब परांचा एक मासा वर आला. मग दुसरा, तिसरा. चिमूटभर खाण्यावर सगळे एकत्र तुटून पडले.

त्यांचा हात झाकणावरच राहिला.

लांबपरी मासे ढवळलेले होते. त्या खेपेला मॅडमनी ढवळायला लांब परांची जात घेतली होती आणि निवांत ठेवायला आखूड परांची. प्रयोग संपल्यावर दोन्ही गटांतले उरलेले मासे पार्वताबाईंच्या ताब्यात आले. त्याच आठवड्यात एक पंप बिघडला, टाक्या कमी पडल्या, म्हणून त्यांनी वीस आखूडपरी आणि अकरा लांबपरी एकाच टाकीत सोडले होते. तेव्हा ते सगळे महिन्याभराचे होते. प्रयोग चालू असताना त्यांनी असं कधीच केलं नसतं. दोन गट मिसळायचे नाहीत, हा तिथला पहिला नियम.

त्यांनी पुढच्या रांगेतली एकोणनव्वद नंबरची टाकी गाठली. तिथे त्याच खेपेचे लांबपरी होते, पण सगळे एकाच जातीचे, ढवळलेले. पार्वताबाईंनी मुद्दाम झाकण आपटलं. मासे तळाशी गेले. पार्वताबाई भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत उभ्या राहिल्या. सतरा मिनिटं झाली तरी एकही वर आला नाही. खाणं पाण्यावर तसंच तरंगत राहिलं.

दुपारी त्या मॅडमच्या खोलीत गेल्या.

"मॅडम, दहा मिनिटं मासेखोलीत येता का जी?"

डॉ. खानझोडे आल्या. दोन्ही टाक्यांपुढे स्टूल ओढून बसल्या. दहा मिनिटांचा तास झाला. दोनदा त्यांनी स्वतः झाकण आपटून पाहिलं. खोलीबाहेर त्यांची वाट पाहणारी माणसं कंटाळून निघून गेली.

"पार्वताताई," शेवटी त्या म्हणाल्या, "ही एक टाकी आहे."

"हाव."

"आणि जातही वेगळी आहे. कदाचित आखूडपरी मासे मुळातच धीट असतील. कदाचित या टाकीत उजेड वेगळा पडत असेल. एका टाकीवरून मी काहीच म्हणू शकत नाही."

"मले म्हणायचं नाही मॅडम, विचारायचं आहे." पार्वताबाईंनी पदर सारखा केला. "तुम्ही सातशे लेकरं तपासली होती न, मोठी झाल्यावर कशी होतात ते पाहायला. ती कुठली होती जी?"

"बहुतेक शिशुगृहांतली. निवाऱ्यांतली. त्यांच्याच नोंदी नीट मिळतात."

"म्हणजे एकमेकांतच ठेवलेली."

डॉक्टरांनी चष्मा काढला.  पंचवीस वर्षं त्या या विषयात होत्या. गट मिसळू नयेत म्हणून त्यांनी स्वतः नियम घातला होता, आणि त्या नियमामुळेच एक गोष्ट कधी दिसू शकली नव्हती: बिचकलेला मासा न बिचकलेल्यांच्या सोबतीत कसा वाढतो.

"हे तुम्हाला आज का दिसलं?" त्यांनी विचारलं.

पार्वताबाईंनी मैनेचं सांगितलं. शहाऐंशीचा आकडाही सांगितला.

डॉक्टरांनी चष्मा परत चढवला. मग म्हणाल्या, "तुमच्या मुलाला मी काय सांगू? घ्या म्हटलं तर ते खोटं आश्वासन होईल. नको म्हटलं तर..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. "उत्तर काढायला मला पाच महिने लागतील, ताई. मासे मोठे व्हायलाच तीन लागतात."

"त्याच्याकडे एकोणतीस दिवस आहेत," पार्वताबाई म्हणाल्या.

रविवारी त्यांनी हेमराजला मासेखोलीत नेलं. चौदा वर्षांत तो पहिल्यांदाच आत येत होता. आईला वाकून नमस्कार करणारा पहारेकरी पाहून तो चकितच झाला. पार्वताबाईंनी त्याला एकोणनव्वद नंबरच्या टाकीपुढे बसवलं, झाकण आपटलं आणि घड्याळाकडे बोट केलं. हेमराजला एका जागी बसायची सवय नव्हती. सहाव्या मिनिटाला तो चुळबुळला. दहाव्या मिनिटाला म्हणाला, "हे वर येणारच नाहीत का?"

"आता इकडे ये."

बहात्तर नंबरची टाकी. झाकण आपटलं, सगळे खाली गेले. आखूडपरी वर आले. हेमराज पुढे वाकला. लांब शेपटीचा एक मासा अर्ध्यापर्यंत आला, थबकला, परत खाली गेला. वरून एक आखूडपरी हिंडत हिंडत त्याच्या जवळून गेला. मग तो लांबपरी पुन्हा निघाला आणि थेट वरपर्यंत आला.

"हे पण तसलेच?" हेमराजने विचारलं.

"एकाच दिवशीच्या अंड्यातले. एकाच हातानं ढवळलेले. मीच ढवळले होते."

हेमराजने आईकडे पाहिलं. ती टाकीकडे पाहत होती.

"आई, मासे आहेत गं ते."

"हाव, मासेच आहेत. तो आकडाबी माशांतूनच आला न बापा. आकड्यापुरते मासे खरे, आणि यापुरते खोटे, असं कसं?"

 तो आणखी अर्धा तास तिथेच बसला. त्याच्या मानाने हेच मोठं होतं. परतताना बसथांब्यावर म्हणाला, "मॅडम काय म्हणतात?"

"माहीत नाही म्हणतात. पाच महिन्यांनी सांगू म्हणतात."

"आणि तू?"

"मलेबी माहीत नाही. मी जे पाहिलं ते तुले दाखवलं."

मैना चोविसाव्या दिवशी घरी आली.

पहिले महिने कठीण गेले. मिक्सर सुरू झाला की मैना खाटेखाली जायची. कुकरची शिट्टी, दाराची घंटा, शेजारचा कुत्रा, सगळ्याला तेच. रडणं नाही, हाक नाही. भिंतीला पाठ लावून डोळे उघडे ठेवून बसायची. पहिल्यांदा हेमराजने तिला ओढून बाहेर काढलं. ती त्याच्या हातात ताठ झाली आणि त्यानंतर दिवसभर काही खाल्लं नाही.

"मी काय वाईट केलं?" तो ओरडला. "बाहेरच काढलं ना?"

"तू तर स्वतःच ढवळलेला आहेस रे," पार्वताबाई म्हणाल्या. "तुझ्याकडे पाहून ती कशी वर येईल?"

ही गोष्ट त्याला लागली. पुढच्या वेळी मैना खाटेखाली गेली तेव्हा तो हाक न मारता फरशीवर आडवा झाला, तिच्यापासून दोन हातांवर, आणि डेपोतून आणलेली बसच्या ब्रेकची पुस्तिका उघडून हळू आवाजात वाचू लागला. त्याला दुसरं काही सुचलं नाही. पाऊण तासाने मैना बाहेर आली आणि त्याच्या पोटावरून रांगत स्वयंपाकघरात गेली. हेमराज तसाच पडून राहिला. भुमेश्वरीने पाहिलं, त्याच्या डोळ्यांतून पाणी कानांवर ओघळत होतं आणि तो ते पुसतही नव्हता.

त्या वर्षी त्या माणसाने स्वतःचा आवाज उतरवला. डेपोतल्या लोकांनाही ते जाणवलं. सोपं नव्हतं. कितीदा तो दार आपटायच्या बेतात असे आणि दाराला हात लावून थांबे, मग ते हलकेच लोटून घेई. चौथ्या महिन्यात मिक्सर लागला तेव्हा मैना खाटेकडे निघाली, वाटेत थांबली, हेमराजकडे पाहिलं. तो चहा पीत होता, तो चहाच पीत राहिला. ती येऊन त्याच्या गुडघ्याला धरून उभी राहिली.

मासेखोलीत तोवर साठ टाक्यांचा प्रयोग उभा राहिला होता. डॉक्टरांनी कोणतीही फट ठेवली नव्हती. प्रत्येक टाकीत दोन्ही जातींचे मासे; काहींत लांबपरी ढवळलेले, काहींत आखूडपरी, काहींत सगळेच; म्हणजे जातीचा प्रश्नच नको. पण सुरुवातीलाच त्यांनी पार्वताबाईंना सांगितलं, "या वेळी कोणत्या टाकीत काय आहे ते तुम्हाला सांगणार नाही. वर यायचा वेळ कॅमेरा मोजेल."

पार्वताबाईंचा चेहरा पडला. "माझ्यावर विश्वास नाही का जी?"

"आहे. तुमच्या नजरेवर माझ्यापेक्षा जास्त आहे. पण तुमच्या घरात मैना आहे आणि माझ्या नावावर ती चाचणी आहे. तुम्हाला एक उत्तर हवंय, मला कदाचित दुसरं. म्हणून दोघींनीही डोळे बांधून घ्यायचे. मीसुद्धा यादी पाहणार नाही."

पार्वताबाईंनी थोडा विचार केला. "बराबर आहे," त्या म्हणाल्या, आणि पाच महिने त्यांनी साठही टाक्या सारख्याच मायेने सांभाळल्या.

यादी उघडली त्या दिवशी डॉक्टरांनी आधी स्वतः आकडे पाहिले, मग पार्वताबाईंना शेजारी बसवून दाखवले. नुसत्या ढवळलेल्यांच्या टाक्यांत मासे सरासरी एकोणीस मिनिटांनी वर आले. निवांत सोबत्यांबरोबर वाढलेले ढवळलेले मासे चार मिनिटांनी. जात कोणतीही असो.

"पण हे पाहा." डॉक्टरांनी दुसरं पान काढलं. "जनुकांवरच्या खुणा दोन्हीकडे सारख्याच आहेत. त्या पुसल्या गेलेल्या नाहीत. मासा बिचकतोही तेवढाच. फरक आहे तो नंतर सावरण्यात. आणि सोबत लहानपणी मिळाली तर. तीन महिन्यांनंतर मिसळलेल्यांना फारसा उपयोग झाला नाही."

"म्हणजे तुमची चाचणी खोटी नाही."

"खोटी नाही. ती काय झालं ते सांगते. काय होणार ते सांगते असं मी लिहिलं होतं, ते चुकलं."

पुढे जे झालं ते डॉक्टरांना जड गेलं असणार, पण त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही. मुंबईला राज्याच्या समितीपुढे त्या उभ्या राहिल्या आणि आपल्या चाचणीचा आकडा दत्तक कागदांवरून काढून टाकावा, अशी विनंती केली. पार्वताबाई मागच्या रांगेत होत्या. डॉक्टरांनीच त्यांना आणलं होतं.

समितीतल्या एका गृहस्थांनी विचारलं, "डॉक्टर, या चाचणीवर तुमचं नाव उभं आहे. थोडं थांबून, अजून अभ्यास करून ठरवलं तर?"

"गेल्या दोन वर्षांत या आकड्यामुळे तीनशे अकरा मुलांना नकार मिळाला," डॉक्टर म्हणाल्या. "मासे मला सांगतात की सोबत वेळेवर मिळावी लागते. थांबायला माझी हरकत नाही. त्या मुलांचे दिवस मात्र जाताहेत."

"आणि हे माशांना लागू पडतं म्हणून मुलांना पडेल याची खात्री?"

"नाही. म्हणूनच मी आकडा काढा म्हणते, दुसरा आकडा घाला म्हणत नाही. आमची ही चूक लक्षात कशी आली ते ज्यांनी पाहिलं त्या इथेच आहेत." त्यांनी मागे वळून हात केला. "पार्वता नान्हे."

सगळे मान वळवून पाहू लागले. पार्वताबाई उठून उभ्या राहिल्या. त्यांनी हात जोडले आणि त्या पुन्हा बसल्या.

चार महिन्यांनी नियम बदलला. ठसा आता फक्त मुलाच्या डॉक्टरकडे जाई, मदत ठरवायला. त्या तीनशे अकरांपैकी निम्म्याहून अधिक मुलांना वर्षभरात घरं मिळाली. शोधनिबंध छापून आला तेव्हा त्यावर दोन नावं होती. दुसरं नाव पार्वता नान्हे, आणि त्याखाली संस्थेचा पत्ता: मासेखोली.

मैना पाच वर्षांची झाली. तपासणीत तिचा आकडा अजूनही चौऱ्याऐंशीच होता. घंटा वाजली की ती आजही दचकायची, खांदे कानांपर्यंत जायचे. मग ते खाली यायचे आणि ती दार उघडायला पळायची.

एका दुपारी पार्वताबाई तिला आणायला भुमेश्वरीच्या बालवाडीत गेल्या. दारातच भुमेश्वरीने ओठांवर बोट ठेवून त्यांना थांबवलं आणि आत पाहायची खूण केली.

वर्गात कुणाच्या हातून खेळण्यांची पेटी पडली होती. मुलं ओरडून, हसून पुन्हा आपापल्या जागी गेली होती. कोपऱ्यातल्या टेबलाखाली एक लहान मुलगी भिंतीला पाठ लावून बसली होती, डोळे उघडे, अंग ताठ. ती त्याच आठवड्यात एका घरी दत्तक आली होती.

"मी जाणार होते," भुमेश्वरी कुजबुजली. "तेवढ्यात ही गेली."

मैना टेबलाखाली शिरली होती. त्या मुलीकडे तिने पाहिलंही नाही. तिच्यापासून थोडं अंतर सोडून ती पालथी पडली होती आणि कागदावर रंगीत खडूने काहीतरी गिरवत होती. मधूनमधून स्वतःशीच पुटपुटत होती. कुणी तिला हे शिकवलं नव्हतं. दहा-बारा मिनिटं गेली. मग त्या मुलीचा हात हळूच पुढे आला आणि त्याने एक खडू उचलला. मैनेने कागद थोडा तिच्याकडे सरकवला.

  पार्वताबाईंनी व्हरांड्यात जाऊन फोन लावला.

"मॅडम, आपला एक प्रयोग राहिला जी."

"कोणता?"

"आपण निवांत मासे दिले सोबतीला. पण ढवळलेला मासा एकदा निवला, की तो दुसऱ्या ढवळलेल्याले वर आणू शकते का, हे आपण पाहिलंच नाही."

 पलीकडे खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला.

"नाही पाहिलं," डॉक्टर म्हणाल्या. "पार्वताताई, अंडी कधी धरता येतील?"

"उद्याच," पार्वताबाई म्हणाल्या.